तीस हात खालचं पान

आमच्या घरातल्या तुपाच्या बरणीवर बाहेरून कोळशाची एक रेघ असायची. तूप खाली गेलं की आक्का जुनी रेघ पुसून नवी ओढायची, आणि मधलं तूप कुणाच्या पोटात गेलं याची तिला खडान्‌खडा माहिती असायची. आक्का म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नवरा लवकर वारला म्हणून ती माहेरी आली आणि घर तिच्या ताब्यात गेलं. नात्यानं ती माझी आत्या, पण सगळं गाव तिला आक्का म्हणायचं म्हणून मीही आक्काच म्हणायची. तिचा विश्वास कुणावरच नव्हता. भाऊबंदांवर नव्हता, गवळ्यावर नव्हता, डॉक्टरवर तर मुळीच नव्हता. कल्हईवाला आला की ती त्याच्यासमोर पाट टाकून बसायची आणि शेवटचं भांडं हातात येईपर्यंत हलायची नाही. मी हे हसत सांगते आहे, पण हा गुण माझ्यातही तिच्याकडूनच उतरलाय. सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या घराच्या दाराला दोन कुलपं आहेत आणि चार पायऱ्या उतरल्यावर मी परत वर येऊन दोन्ही ओढून बघते. मुलं म्हणतात, आई, हा आजार आहे. असेल.

आमचं गाव कवठे महांकाळच्या पलीकडं, माळरानावर. दुष्काळाची सालं नुकतीच सरली होती, पण तोंडात अजून रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची चव होती. ती भाकरी थापताना चिरायची आणि गिळताना घशात अडायची. हुलग्याचं पातळ माडगं असलं तरच खाली उतरायची. पुन्हा तसलं साल आलं तर निदान पाणी तरी असावं म्हणून दादांनी विहीर आणखी खोल न्यायला काढली. सुरुंगाचं काम मिरजेकडच्या हुसेनचाचांचं. ते दगडाला कान लावून ठोकायचे आणि भोक कुठं पाडायचं ते सांगायचे. वात पेटवली की काठावरून हाळी यायची, "सुरुंग हायऽऽ, बाजूला व्हाऽऽ!" मग घरात आई भाकरीचा हात तसाच थांबवायची. धडाम आवाज व्हायचा, फळीवरची पितळी ताटं थरथरायची आणि मगच भाकरी तव्यावर पडायची. दिवसातून तीनदा हे चालायचं. आम्हाला वेळ कळायची ती त्या ताटांवरून.

काळा कातळ फुटून तीस हात खाली गेल्यावर एक दिवस सुरुंगाचा आवाज बदलला. कडक फुटण्याऐवजी तो बसका आला. हुसेनचाचा खाली उतरले आणि वर आले ते हातात वेगळंच काहीतरी घेऊन. कातळाच्या खाली हिरवट मातीचा हातभर थर लागला होता आणि त्या मातीत पांढऱ्या, चकचकीत दगडाच्या लाद्या होत्या. त्यांचे पापुद्रे निघायचे. नखानं ओरखडा ओढला तर उठायचा. मी शाळेतून परस्पर विहिरीवर गेले होते. चाचांनी एक लादी माझ्यासमोर हलक्या हातानं उकलली आणि आत एक पान होतं. पान म्हणजे पानाचा तपकिरी ठसा, माझ्या करंगळीपेक्षा थोडा लांब. मधली शीर, आडव्या शिरा, सगळं जागच्या जागी. एका बाजूची कड किड्यानं कुरतडलेली होती, तीसुद्धा तशीच्या तशी. चाचांनी ते उन्हात धरून फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "सुमे, झाडपाल्यातलं मला लय कळतंय. पर ह्यो पाला माझ्या वळखीचा न्हाई. पिंपळ न्हाई, करंज न्हाई, कडुनिंब तर न्हाईच न्हाई." त्या दिवशी अशी आठ-दहा पानं निघाली, आणि बोरूसारख्या रेघारेघांच्या काड्याही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आक्काला कुणी दाखवायला आणलं तर तिनं हातही लावला नाही. ती म्हणाली, "कातळाच्या खाली पान गेलंच कसं? आपसूक जातंय व्हय? कुनीतरी ठिवलंय." दादा हसले. "आक्का, तीस हात कातळ फोडून कोन कशाला पान ठिवंल?" आक्का म्हणाली, "तेच इचारतीया मी. कशाला ठिवलं असंल?" तिनं फर्मान काढलं की विहिरीतला एकही खडा घरच्या उंबऱ्याच्या आत यायचा नाही. शेजारच्या शेताचे आमचे भाऊबंद, त्यांची नावं तिनं त्याच बैठकीत घेऊन टाकली. भाऊबंद तर म्हणत होते की पानं हा नुसता बहाणा आहे, आम्हाला हंडा सापडला आहे आणि आम्ही तो लपवतो आहोत. त्यांचा पोरगा आठ दिवस बांधावर बसून आमच्या विहिरीकडं बघत होता.

आता रत्नाकाकूचं सांगायला हवं. माझे धाकटे चुलते, सदाकाका, पलटणीत होते. त्यांचं लग्न उन्हाळ्यात झालं आणि महिन्याभरात ते परत गेले. मागं राहिली एकोणीस-वीस वर्षांची रत्नाकाकू. माहेर खंडाळ्याकडचं, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या पार त्या टोकाचं. आमच्याकडं तिकडची सोयरीक कुणीच केली नव्हती, म्हणून आक्काच्या लेखी ती परमुलखातली. तिची आमटी वेगळी, कासोटा घालण्याची पद्धत वेगळी, आणि रांगोळी तर फारच वेगळी. आमच्याकडं ठिपके मांडून रेघा जोडत. काकू ठिपके न मांडताच चिमूट सोडायची आणि वेल एका दमात अंगणभर जायची. मी तासन्‌तास बघत बसायची. मला ती फार आवडायची. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणालाही खरं वाटणार नाही.

तेव्हा रांगोळी घरीच व्हायची. शिरगोळा म्हणून एक पांढरा दगड रांगोळीवाल्या बाईकडून घ्यायचा, चुलीत भाजायचा, उखळात कुटायचा आणि फडक्यातून चाळायचा. आमच्या माळ्यावर शिरगोळ्याची टोपली असायची आणि अर्थातच आक्काला तिच्यातले खडे पाठ होते. त्या पावसाळ्यात शाळेच्या मागं जिबलीचा, म्हणजे लंगडत घरं ओलांडायचा, खेळ जोरात होता. फरशीवर घरं आखायला शिरगोळ्यासारखं दुसरं काही नाही. मी रोज एक-एक खडा करत निम्मी टोपली शाळेत पोचवली. दिवाळी आठ दिवसांवर आली. आक्का टोपली काढणार, बघणार, आणि मग माझी चामडी लोळवणार. मी विहिरीवर गेले, तसल्याच दिसणाऱ्या पांढऱ्या लाद्या फोडून ओटीत घेतल्या आणि माळ्यावरच्या टोपलीत तळाला भरल्या, वर उरलेला शिरगोळा पसरला. आक्कानं टोपली उतरवली, वरून हात फिरवला, "बरं हाय," म्हणाली आणि ती काकूच्या पुढ्यात ठेवली.

काकूनं भाजलं, कुटलं. उखळाचा आवाज मी सोप्यात बसून ऐकत होते. शिरगोळ्याचा आवाज खडखडीत यायचा, हा भसाभस येत होता. रांगोळी अशी मऊ निघाली की आईनं चिमटीत धरून वाखाणली. नरकचतुर्दशीच्या सकाळी काकूनं अंगणात सडा टाकला आणि ओल्या अंगणावरच तिचा वेल सोडला, तुळशीपासून दारापर्यंत. येणारीजाणारी बघत उभी राहिली. दुसऱ्या सकाळी आई खराटा घेऊन झाडायला गेली तर वेल हलेना. तिनं जोर लावला, खराट्याच्या काड्या मोडल्या, पण वेल तिथंच. पाणी ओतलं तर ओल्या अंगणावर तो आणखीच पांढरा दिसायला लागला. आक्का कमरेवर हात ठेवून बघत होती.

त्याच दुपारी लक्ष्मीची पावलं काढायची होती. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत, ओल्या रांगोळीची. काकूनं वाटीत रांगोळी आणि पाणी कालवलं, बोट बुडवून उंबऱ्यात पहिलं पाऊल सावकाश, बोटं-टाच रेखत काढलं, आणि दुसरं काढायला वाटीत बोट घातलं तर "आई गं!" करून वाटी तिच्या हातातून पडली. वाटी तापली होती. विस्तव नाही, ऊन नाही, आणि पितळी वाटीला हात लाववत नव्हता. आत काकूच्या बोटाचा खळगा तसाच राहून सगळं घट्ट झालं होतं. आक्कानं वाटी उचलली, टाकली, पुन्हा उचलली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "लक्ष्मीचं एकच पाऊल उंबऱ्यात," ती हळूच म्हणाली, "आन् पुढं बांधून टाकलं. काय आनलंस गं बाई माहेराहून?"

घरात एक गोष्ट आधीपासून ठुसठुसत होती. सदाकाकांचं पत्र दीड महिना आलं नव्हतं. एरवी पलटणीतली पत्रं अशीच उशिरा यायची, पण आता ते सगळं जुळून आलं. बाया फराळाच्या निमित्तानं यायच्या, करंजी तोंडात धरून उंबऱ्यातलं ते पाऊल नखानं खरवडून बघायच्या आणि काकूकडं बघून पदर सावरून घ्यायच्या. पाडव्याला आक्का शेजारच्या गावच्या देवऋष्याकडं जाऊन आली. त्यानं सांगितलं, परमुलखातल्या हातानं करणी करून घर बांधलंय. त्या दिवसापासून काकूला चुलीपाशी जायला बंदी झाली. आक्कानं मला समोर बसवून खंडाळ्याला काकूच्या भावाला पोस्टकार्ड लिहायला लावलं, की बहिणीला चार दिवस माहेरपणाला घेऊन जा. या चार दिवसांचा अर्थ मला बारा वर्षांची असूनही कळत होता. आमच्याच आळीतली एक सून अशीच चार दिवसांसाठी गेली होती आणि तिचा नवरा दुसरं लग्न करून मोकळा झाला होता.

मी ते कार्ड लिहिलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं. तेव्हा तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं, पण मी अकरा दिवस गप्प बसले. आक्काच्या माराची भीती होती हे खरं, पण एवढंच कारण होतं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. घरात संशयाचं बोट सतत कुणाकडं तरी असायचं, आणि ते दुसऱ्याकडं वळलेलं असलं की आपल्याला सुखानं जेवता यायचं. मी त्या अकरा दिवसांत सुखानं जेवले. त्याची लाज मला आज वाटते तितकी तेव्हा वाटली नाही.

काकूचा भाऊ दुपारच्या एसटीनं आला. पांढरी टोपी, पायात नवी वहाण, कापडी पिशवीत आमच्यासाठी दिवाळीचे अनारसे. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. आक्का म्हणाली, "पाच वाजताच्या गाडीनं घिऊन जावा." काकू ट्रंक घेऊन सोप्यात आली. ती रडत नव्हती. भावाच्या पाया पडायला वाकली आणि उठलीच नाही, तशीच खाली बसून राहिली. ते मला बघवेना. मी ओरडलेच, "दगड मी आनलं! हिरीतलं हायती! शिरगोळा मी जिबलीला नेला!"

सगळे माझ्याकडं वळले. दादा काही बोलायच्या आत आक्का म्हणाली, "हिला कुनी पढवलंय बघा." मी शपथा घेतल्या, उंबऱ्याची, देवाची, आईची. आक्कानं मान हलवली. "पोरगी हिच्या मागं मागं असती. हिनंच शिकवलंय." मला वाटत होतं, खरं बोललं की लोक ऐकतात. आमच्या घरात तसं नव्हतं. शेवटी दादा उठले आणि पायात वहाणा सरकवल्या. "बोलून उपेग न्हाई. दगड मी स्वता आनतो. सुमीनं हात लावायचा न्हाई, रत्नानं न्हाई. भाजायचं, कुटायचं, समदं आक्का, तू करायचं. पाव्हणं, तुमी बसा आन् बघा."

दादा विहिरीत उतरून लाद्या घेऊन आले. आक्कानं आपल्या हातानं त्या चुलीत घातल्या. चमक गेली, दगड दुधासारखा पांढरा झाला. तिनं कुटला, चाळला, आणि स्वतः घासलेल्या वाटीत पाणी घालून कालवला. आम्ही सगळे भोवती बसलो होतो. आधी काही होईना. आक्का माझ्याकडं बघायला लागली. मग तिचा चेहरा बदलला. वाटी तापायला लागली होती. तिनं ती दादांच्या हातात दिली, दादांनी पाहुण्यांच्या हातात दिली, पाहुण्यांनी चटका बसल्यागत खाली ठेवली. आत लगदा घट्ट होऊन बसला होता. मग आक्का म्हणाली, "म्हंजे आता मलाबी देवऋष्याकडं न्या." त्या दिवशी दादा पहिल्यांदा हसले. आक्का उठली, चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि काकूला हाक मारली, "रत्ना, ये, पाव्हण्यांस्नी चा दे." काकूची चुलीची बंदी अशी उठली. पाच वाजता भाऊ एकटाच एसटीत बसला. सदाकाकांचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं, त्यात थंडी फार आहे एवढंच होतं. मला मार पडायचा तो पडला.

पुढं लग्नानंतर सांगलीत कॉलेजला असताना मी भूगर्भशास्त्राच्या सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, आपला काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि त्याचे दोन थर पडले त्यांच्या मधल्या काळात कुठं कुठं तळी होती. तळं आटलं की तळाशी असा दगड साचू शकतो, त्याला जिप्सम म्हणतात, आणि काठच्या झाडांची पानं गाळात दबून त्यांचे ठसे राहतात. ती झाडं आता पृथ्वीवर नाहीत. जिप्सम भाजलं की त्यातलं पाणी उडून जातं, आणि पुन्हा पाणी दिलं की ते पिऊन दगड होतं आणि होताना तापतं. एवढं सांगून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "पण तुमच्या भागात एवढं जिप्सम? एखादा तुकडा आहे का?" माझ्याकडं नव्हता. विहिरीला त्याच हिवाळ्यात पाणी लागलं आणि तो थर पाण्याखाली गेला. सर "हं" म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नव्हता, आणि मला त्यांचा राग आला नाही.

पण खरी गोष्ट त्या दिवशी भाऊ गेल्यावर घडली. काकूनं मला परसात बोलावलं. मला वाटलं, जवळ घेईल. तिनं ट्रंकेतून आणलेला एक पांढरा तुकडा माझ्यापुढं धरला. त्यात पान होतं. "भाजताना ह्ये दिसलं तवाच मी वळखलं," ती म्हणाली. "टोपली आक्कांनी पुढ्यात ठिवली. न्हाई म्हनायची सोय हुती का मला? आन् मागनं सांगितलं असतं, तर म्हनले असते हिनंच आनलं." मग ती खाली वाकली. "सुमे, खरं सांग. तुला दगड घालाय कुनी सांगितलं हुतं? आक्कांनी?" मी म्हटलं, न्हाई. "तुझ्या आईनं?" न्हाई. "शेजारनीनं?" मी म्हटलं, कुनी न्हाई, मीच. जिबलीसाठी. तिनं माझ्या डोळ्यांत फार वेळ बघितलं आणि "बरं," म्हणाली. त्या "बरं"मध्ये काही नव्हतं. एखाद्या माणसाला घराबाहेर काढण्याइतकी मोठी गोष्ट पोरीच्या खेळातून होते, हे तिला पटणं शक्यच नव्हतं. तिच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं.

नंतर सात वर्षं आम्ही एका घरात होतो. तिला दोन मुलं झाली, ती मी कडेवर वाढवली. ती माझी वेणी घालायची, माझ्या तापात उशाशी बसायची. पण माझ्याशी बोलताना मध्येच थांबायची आणि मी ते कुणाला जाऊन सांगेन याचा अंदाज घ्यायची. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी आक्का गेली. हळदीच्या दिवशी काकू माझ्या पायाला हळद लावत होती. बाया गाणी म्हणत होत्या, कुणाचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. तिनं मान खाली ठेवूनच विचारलं, "आता तर जातीयास तू. आता तरी सांग. कुनी सांगितलं हुतं?"

मी म्हटलं, "आक्कानं."

काकूचे हात थांबले. तिनं वर पाहिलं, आणि त्या सगळ्या वर्षांत प्रथमच तिचा चेहरा मोकळा झाला. "मला ठावंच हुतं गं," ती म्हणाली आणि हळदीच्या हातांनी मला पोटाशी धरून ढसाढसा रडली. मीही रडले. मला तेव्हा फार बरं वाटलं. काकू पुढं खूप जगली, आपल्या सुनांना, नातवंडांना तिनं ही हकिगत कितीदा तरी सांगितली, आणि आज आमच्या भावकीत आक्काचं नाव निघालं की नव्या सुनेला विषारी दगड कुटायला लावणारी बाई म्हणूनच निघतं. आक्का संशयी होती, कडक होती, तिनं काकूला घालवायला काढलं होतं. पण त्या टोपलीतलं तिला काही माहीत नव्हतं. ते दगड मी ठेवले होते, आणि मला कुणीही सांगितलं नव्हतं.